छत्री मिटलेला उन्हाळा

दार उघडलं तेव्हा दोघंही हलत नव्हती. म्हातारा पलंगावर पडलेला, तोंड उघडं, डोळे अर्धवट मिटलेले. लिंडनरबाई स्वयंपाकघरात टेबलावर डोकं टेकून बसलेली, एक हात खाली लोंबत होता. खोलीत भट्टीची धग. माझ्या हातात ताकाचा तांब्या होता. मी आधी म्हाताऱ्याकडे धावले, कारण आजारी तो होता. पाणी शोधायचं सुचलं नाही, ताकच त्याच्या तोंडावर ओतलं. मग बाईकडे वळले, तिला हलवलं. मग जिन्यात जाऊन ओरडले, "अहो, कोणी आहे का?" ओरडले ती मराठीत. जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या त्या इमारतीत कलत्या दुपारी मराठी समजणारी मी एकटीच होते.

खिडकीबाहेर गच्चीवर माझ्या सुनेचं ऊन मोजायचं यंत्र लखलखत होतं. त्याच्यावर कशाचीच सावली नव्हती. सावली पडू नये म्हणून तर आम्ही तिथली छत्री मिटायला लावली होती.

हे दोन हजार तीनच्या उन्हाळ्यातलं. आता तीन वर्षांनी पुन्हा तसंच ऊन पडलं आहे. आमच्या वरच्या मजल्यावर नवीन भाडेकरू आलेत, तरुण जोडपं. त्यांनी गच्चीवर पिवळी छत्री आणून ठेवली आहे. सकाळी ती उघडताना तिचं चाक करकरतं. मी खाली आमच्या बाल्कनीत घेवडा मोडत असते. तो आवाज आला की माझे हात थांबतात. छत्री पूर्ण उघडल्याचा खट्ट आवाज आला की पुन्हा घेवडा मोडायला लागते.

मी अकोल्याकडची. चौथी शिकले. नवरा गेल्यावर मुलगा मिलिंद मला इथे घेऊन आला, आणि स्वतः हॅनोव्हरला नोकरीला लागला. शुक्रवारी येतो, सोमवारी पहाटे जातो. घरात मी आणि सून. सुजाता उन्हावर संशोधन करते. हे मी गावाकडे फोनवर सांगितलं तेव्हा माझी धाकटी जाऊ हसली. म्हणाली, "अहो बाई, ऊन बघायला इतक्या लांब जर्मनीला कशाला पाठवली पोरीला? अकोल्यात काय कमी होतं?"

मलाही आधी कळायचं नाही. मग एकदा भाकरी थापताना मी सुजाताला म्हटलं, "मला कळेल असं सांग." तिने सांगितलं. गाड्यांच्या धुरात एक तपकिरी वायू असतो. ऊन लागलं की तो तुटतो. त्याचा तुकडा हवेशी जुळून दुसरा वायू होतो, ओझोन. तो वर आभाळात असला तर आपलं रक्षण करतो, खाली नाकातोंडाशी आला की छाती जाळतो. जितकं ऊन कडक, तितकी ही मोडतोड जोरात. तिचं यंत्र हवा मोजत नाही, हवेला तोडणारं ऊन मोजतं.

"म्हणजे उन्हात दूध नासतं तशी हवा नासते?" मी विचारलं.

"गेनाऊ!" ती म्हणाली. जर्मन लोक 'अगदी बरोबर'ला असं म्हणतात. "आई, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना असंच सांगणार."

यंत्र म्हणजे पांढरा डबा. वर काचेचा घुमट, पालथ्या वाटीएवढा, आत दुधी काच. खालच्या बाजूलाही तसाच घुमट, जमिनीवरून उसळून येणारं ऊन मोजायला. दिसायला इतकं साधं की मला वाटलं, यासाठी पीएचडी लागते? पण त्याचे नखरे फार. घुमटावर धूळ चालत नाही, पक्ष्याची शीट चालत नाही, बोटाचा ठसा चालत नाही. आणि सावली तर मुळीच चालत नाही. त्याला सगळं आभाळ दिसलं पाहिजे.

एक यंत्र तिच्या संस्थेच्या छतावर होतं. दुसरं तिला रहदारीच्या रस्त्यावर हवं होतं, उंचावर. आमची इमारत मोठ्या रस्त्याला लागून. सगळ्यात वर लिंडनर नवरा-बायको राहायचे, त्यांना मोठी गच्ची. म्हणून जूनमध्ये एके संध्याकाळी आम्ही दोघी जिना चढून वर गेलो. सुजाताच्या हातात यंत्र, माझ्या हातात शंकरपाळ्यांचं ताट.

लिंडनरबाई उंच, सडपातळ, निळा एप्रन बांधलेली. तिचे हात माझ्या हातांसारखेच होते, काम केलेले. म्हातारा जन्मभर ट्राम चालवून, सिगारेटी ओढून छाती घालवून बसलेला. खिडकीशी पलंग, तिथेच त्याचा दिवस. सुजाताने यंत्राचं सगळं समजावून सांगितलं तेव्हा तो पलंगावरून म्हणाला, "म्हणजे आता सूर्य आमच्या गच्चीवर नोकरीला लागला म्हणा. पगार कोण देणार?"

सुजाताने ते मला मराठीत सांगितलं आणि सगळे हसलो. मग छत्रीचा विषय आला. पलंगाच्या खिडकीबाहेर मोठी पांढरी छत्री होती, सिमेंटच्या बैठकीत रोवलेली. दुपार कलली की ऊन त्या खिडकीवर यायचं, ते ती अडवायची. खिडकीचं रोलाडेन, म्हणजे वरून खाली ओढायचा पडदा, बरीच वर्षं अडकलेलं होतं. छत्री होती म्हणून कुणी ते दुरुस्त करायच्या भानगडीत पडलं नाही. ती छत्री यंत्राच्या आभाळात येत होती. शिवाय पांढरी, म्हणजे ऊन उसळवणारी.

सुजाता आढेवेढे घेत राहिली. "आल्झो... आल्झो..." म्हणजे आपलं 'तर मग...'. जर्मनमध्ये काय बोलत होती ते कळत नव्हतं, पण सूर कळत होता. मी तिला कोपरखळी मारली. "बोल की. काय लाजतेस नव्याने सासरी आल्यासारखी?" तरी तिचं बोलणं पुढे सरकेना. तेव्हा मीच गच्चीत गेले, छत्रीच्या दांड्याला हात लावला, आणि दोन्ही हातांनी खूण करून दाखवली. मिटा.

लिंडनरबाई हसली. "या, या," म्हणाली, म्हणजे 'हो, हो', आणि चाक फिरवून छत्री मिटली. वरून पट्टा बांधला. मला भाषा येत नाही तरी माझं काम झालं, या गुर्मीत मी खाली आले. सुजाताला म्हटलंसुद्धा, "बघ, शिकलेल्यांना जमलं नाही ते."

त्या आधीचा हिवाळा माझा पहिलाच. ओल्या गोधडीसारखं आभाळ. सूर्य दिसला तरी त्याला धग नाही, दिवाळीच्या आकाशकंदिलासारखा नुसता टांगलेला. माझे गुडघे दुखून दुखून मी रडकुंडीला आले होते. मग तो उन्हाळा आला. जर्मन लोक उसासे टाकत होते, रस्त्याकडेची झाडं पिवळी पडत होती, भाजीवाली कपाळाला रुमाल लावून बसायची. मी मात्र रोज बाल्कनीत पाय पसरून बसायचे. गुडघे सुटले, कंबर सुटली. मला ते ऊन आवडलं होतं. सुजातालाही आवडलं होतं. रोज सकाळी ती पडदा सारून आभाळ बघायची आणि म्हणायची, "एकसुद्धा ढग नाही, आई!" परीक्षेत पहिली आल्यासारखा चेहरा. तिला ढग नको असायचा. ढग आला की मोजलेली रेघ तुटते, वेडीवाकडी होते. आमच्या घरात देवाला नवस बोलायची रीत नाही, पण दोघीही मनातून ऊन मागत होतो. मागितलं तेवढं मिळालं.

लिंडनरबाईशी माझं त्या महिन्यात जमलं. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती, त्यामुळे भांडण होणं शक्य नव्हतं. घराची एक किल्ली तिने आमच्याकडे देऊन ठेवली होती, घुमट पुसायला. सुजाताला लवकर जायचं असलं की मी वर जायचे आणि तिने दिलेल्या मऊ कापडाने घुमट पुसायचे. लिंडनरबाई सफरचंदाच्या चकत्या दोऱ्यात ओवून वाळवायची. ते बघून मलाही चेव आला. मी मूग भिजवले, वाटले, आणि तिच्या गच्चीवर जुनं धोतर अंथरून मूगवड्या घातल्या. ती शेजारी बसली. माझ्यासारखी चिमटीने वडी सोडायला बघत होती, तिची वडी बदकाच्या शेपटीसारखी व्हायची. म्हातारा आतून काही बोलायचा, ती मागे न बघता उत्तर द्यायची. लग्नाला इतकी वर्षं झाली की मागे बघावं लागत नाही.

संध्याकाळी सुजाता संगणकावरून वैतागत उठली. "आई, आज दुपारी तुम्ही वर काय केलं? खालच्या घुमटाला एकदम जास्त ऊन दिसतंय!"

"वड्या घातल्या."

"कशावर?"

"धोतरावर."

"पांढऱ्या? अहो आई, तुमचं धोतर माझ्या रीडिंगमध्ये आलंय!"

"माझं कुठलं? तुझ्या सासऱ्याचं आहे. आयुष्यभर कशात आला नाही तो, आता तरी येऊ दे."

ती हसत सुटली. तरी दुसऱ्या दिवसापासून मी वड्या आमच्या बाल्कनीत घातल्या. यंत्राचा मान राखायचा हे आमच्या अंगवळणी पडलं होतं. लिंडनरबाईच्याही पडलं होतं. ऊन आणखी वाढलं तेव्हा मी तिला खुणेने सांगितलं, चादर ओली करून खिडकीवर बाहेरून टांग. आमच्याकडे वाळ्याचा पडदा ओला करून लावतात, तसं. तिने टांगली. मग यंत्राकडे बघितलं, चादरीकडे बघितलं. चादर पांढरी होती. तिने ती काढली आणि आतून टांगली. आम्ही सांगितलं नव्हतं. तिने आपणहून केलं. पण आतून टांगलेल्या ओल्या चादरीचा काय उपयोग? काच तापायची ती तापतच होती, खोलीत वर दमटपणा.

ऑगस्टमध्ये रेडिओवर रोज सांगायला लागले की ओझोन वाढला आहे, म्हाताऱ्यांनी आणि छातीच्या रोग्यांनी दुपारी बाहेर पडू नये. सुजाताने वर जाऊन त्यांना स्वतः समजावलं. दुपारी खिडक्या बंद ठेवा, त्या वेळी हवा सगळ्यात वाईट असते. तिचं खरंच होतं. तिच्याइतकं ते कुणाला ठाऊक असणार? त्यांनी ऐकलं. इथले लोक नियम ऐकतात. खिडकी उघडली तर हवा नासलेली, बंद केली तर खोली तापलेली. आणि काचेवर ऊन थेट, कारण छत्री मिटलेली.

हे मला दिसलं नव्हतं असं नाही. एक दिवस मी वरून खाली आले आणि सुजाताला म्हटलं, "ती छत्री उघडू दे त्यांना. खोली फार तापते."

ती भांडी पुसत होती. "आई, असं आभाळ परत मिळणार नाही. पाऊस येणारच आहे म्हणतात. मग लगेच उघडू."

"म्हातारा धापा टाकतो."

"मी विचारते त्यांना."

तिने विचारलंही. माझ्यासमोर विचारलं. लिंडनरबाई म्हणाली, नको, तुझं काम होऊ दे, थोडेच दिवस राहिलेत. म्हाताऱ्याकडे घरातला एकुलता एक पंखा वळवलेला होता. त्याच्या डोक्यावर ओला रुमाल, हाताशी पाण्याचा पेला. ती स्वतः स्वयंपाकघरात बसायची, कारण तिथे बसलं की पलंग दिसायचा. मला वाटलं, बाई धडधाकट आहे, म्हाताऱ्याची काळजी घेते आहे, मग झालं. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या उन्हाच्या तक्रारीचं मला थोडं हसूही यायचं. अकोल्याच्या मे महिन्यात मी डोक्यावर पदर घेऊन चुलीपुढे बसलेली बाई. याला काय ऊन म्हणायचं, असं मी मिलिंदला फोनवर म्हणाले होते.

पण अकोल्यात आमच्या घराच्या भिंती मातीच्या आणि जाड होत्या. दुपारी घर मिटून घ्यायची रीत होती. तिथे उन्हाशी कसं वागायचं हे घराला माहीत होतं. इथलं घर थंडीसाठी बांधलेलं, ऊब धरून ठेवणारं. एकदा आत आलेली धग ते सोडत नव्हतं. हे मला नंतर कळलं. त्यांच्या त्या खोलीत जन्मभर सावली करून होती ती फक्त छत्री.

त्या दिवशी सकाळी घुमट पुसून आले तेव्हा लिंडनरबाईने मला सफरचंदाच्या चकत्यांची माळ दिली. तिचा चेहरा लाल होता, पण ती नेहमीच लाल दिसायची. दुपारी मी ताक केलं, हिंग-जिरं लावलं, आणि वर घेऊन गेले. पुढचं मी सुरुवातीलाच लिहिलं आहे.

सुजाताला त्यांच्याच फोनवरून फोन लावला. तिचा नंबर मला तोंडपाठ होता. "वर ये," एवढंच म्हटलं. तिला माझ्या आवाजावरून कळलं. रुग्णवाहिका तिने तिकडूनच बोलावली, आणि स्वतः सायकल हाणत आली. दोघांना खाली उतरवलं. आधी एकाला, मग दुसऱ्याला. जिना अरुंद होता. मी भिंतीला चिकटून उभी राहिले.

गाडी गेल्यावर सुजाता पुन्हा वर चढली. मला वाटलं, घर आवरायला. मी मागून गेले. ती गच्चीत उभी होती आणि छत्री उघडत होती. चाक फिरवायला जड जात होतं. छत्री उघडली. रिकाम्या पलंगावर सावली पडली. यंत्र छत्रीच्या शेजारी, सावलीच्या काठावर. तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

कुणी आम्हाला काही म्हणालं नाही. डॉक्टर म्हणाले, वय होतं, उष्णता होती, असे पेशंट सगळीकडून येत आहेत. लिंडनरांचा मुलगा उत्तरेकडून आला. माझे हात हातात घेऊन त्याने आभार मानले. मी वेळेवर वर गेले म्हणून. घर रिकामं करताना त्याने ती छत्री आम्हाला देऊ केली. नाही कसं म्हणायचं? ती आमच्या तळघरात पडून आहे, सायकलींच्या मागे, पट्टा बांधलेली.

सुजाताने तापमानाचा विचार किती केला ते मी बघितलं आहे. छत्री असती तर खोली किती थंड राहिली असती, याचं ती गणित मांडायची. कधी म्हणायची, फार फरक पडला नसता. कधी म्हणायची, पडला असता. मी एकदा म्हटलं, "गणित सोड. आपण मागितली, तिने दिली. त्यात आकडे घालू नकोस." हे मी तिला दिलासा म्हणून म्हटलं नव्हतं.

त्याहून वाईट म्हणजे, त्या दिवसाची रेघ. यंत्र दिवसभराचं ऊन रेघेत काढतं. सकाळी वर चढते, दुपारी माथ्यावर, संध्याकाळी खाली. ढग आला की रेघ दातेरी होते. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती कुठेच तुटली नाही. बांगडीच्या अर्ध्या तुकड्यासारखी गुळगुळीत. आणि मग शेवटी, छत्री उघडली तिथे, कापल्यासारखी खाली आलेली. सुजाताच्या सगळ्या कामात तितकी चांगली रेघ दुसरी नाही. ती फेकून देता येत नाही, म्हणाली, कारण ती खरी आहे. एका सभेत तिने पडद्यावर ती दाखवली. तिथून घरी आली ती पर्स घेऊनच खुर्चीवर बसून राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"लोक म्हणाले, काय सुंदर दिवस मिळाला तुम्हाला."

"मग तू काय म्हणालीस?"

"थँक्यू म्हणाले, आई."

मी तिला चहा करून दिला. दुसरं काय करणार?

तेव्हापासून ती सकाळी पडदा सारून आभाळ बघत नाही. यंत्र संस्थेच्या छतावर आहे, काम चालू आहे, पगार चालू आहे. मीही बाल्कनीत बसते, पण सावलीत. यंदा इतकं ऊन असून मूगवड्या घातल्या नाहीत. गुडघे पुन्हा धरलेत. धरू देत.

रविवारी आम्ही दोघी वृद्धाश्रमात जातो, शहराच्या दुसऱ्या टोकाला. मागच्या रविवारी ऊन असंच होतं. तिथल्या बागेत त्यांच्या स्वतःच्या छत्र्या आहेत, म्हणून आमची कधी न्यावी लागली नाही. चाकाच्या खुर्चीत बसून म्हाताऱ्याने आधी विचारलं, "काय, सूर्याला पगारवाढ मिळाली का?" सुजाता हसली. मग सुजाताला जर्मनमध्ये हळूहळू काही म्हणाला. तिने मला सांगितलं नाही, मी विचारल्यावर सांगितलं. तो म्हणाला होता, "छत्री माझ्या हिल्डेने स्वतः मिटली. तिला नको असलेली गोष्ट तिच्याकडून कुणीही करून घेऊ शकलं नसतं. मी आयुष्यभर प्रयत्न केला."

हे तो आमच्यासाठी म्हणाला. खरंही असेल. पण खूण मी केली होती. हात माझे होते.

त्या दुपारी त्या खोलीत दोन माणसं होती. पंखा म्हाताऱ्याकडे होता, ताक म्हाताऱ्याला मिळालं. हिल्डे लिंडनर हॉस्पिटलच्या वाटेवर गेली. म्हातारा जगला.